आपल्या भागातल्या जुन्या सोडावाल्याच्या बाटल्या जमवायच्या असतील तर

लहानपणी आमच्याकडे ठाण्यात, नौपाड्यात पाहुणे आले की आई माझ्या हातात कापडी पिशवी द्यायची, त्यात सहा रिकाम्या बाटल्या, आणि सांगायची, चार जिंजर दोन लेमन आण आणि एम्टी मोजून दे. दोन गल्ल्या सोडून सोडा वॉटरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर घराच्या पुढच्या खोलीत मशीन, मागच्या अंगणात बाटल्या धुवायच्या टाक्या आणि माळ्यावर क्रेट. सगळं घरच्यांनीच चालवलेलं, काका गॅस आणि मशीनवर, त्यांचा भाऊ हातगाडीवर, आणि आजी धुतलेल्या बाटल्या तपासायला. उन्हाळ्यात हेच लोक कोकम आणि वाळ्याचं सरबतसुद्धा करायचे. कारखाना बंद होऊन आता बरीच वर्षं झाली, पण गेली अकरा वर्षं मी त्याच एका कारखान्याच्या बाटल्या जमवतेय, आज माझ्याकडे ६३ आहेत. त्यात जे शिकले ते इथे लिहिते, म्हणजे ज्यांना आपापल्या भागातल्या सोडावाल्याचं असं काही जमवायचंय त्यांचा वेळ वाचेल.

पहिलं म्हणजे एकच कारखाना धरा. सगळ्या कोल्ड्रिंकच्या सगळ्या बाटल्या जमवायला गेलात तर घर भरतं आणि हाताला काही लागत नाही. मोठ्या ब्रँडचं बरंचसं लिहिलेलं सापडतं. पालनजी १८६५ पासूनचे, ड्यूक्स १८८९ पासूनचं आणि ते १९९४ मध्ये पेप्सीनं घेतलं, गोल्ड स्पॉट, लिम्का, थम्स अप हे पार्लेनं १९९३ मध्ये कोकला विकले, हे कोणीही शोधून काढू शकतो आणि त्यांच्या बाटल्या जमवणारे पण खूप आहेत. आपल्या गल्लीतल्या सोडावाल्याचं कोणी लिहून ठेवलेलं नाही. त्याचं जे काही उरलंय ते त्याच्या घरच्यांच्या डोक्यात आहे आणि कुठेतरी माळ्यावर आहे, आणि नौपाडा, चरई, पाचपाखाडीत जुन्या बिल्डिंगा आणि वाडे रोज रिडेव्हलपमेंटला जातायत, माळे रिकामे होतायत. भंगारात गेलेली काच किलोवर विकली जाते आणि बहुतेक वेळा तिथेच फोडली जाते. त्यामुळे हे काम पुढच्या वर्षी करू म्हणून ठेवण्यासारखं नाहीये.

आधी त्या घरी जा

चोर बाजारात नंतर जायचं, आधी घरच्यांना भेटायचं. नाव माहीत नसेल तर भागातल्या जुन्या किराणा दुकानात, पानवाल्याकडे, उसाच्या रसवाल्याकडे विचारा, सोडा कोणाचा यायचा हे सांगणारं कोणी ना कोणी भेटतंच. आणि पहिल्या भेटीत बाटली मागू नका, प्लीज. दारात जाऊन "तुमच्याकडे जुन्या बाटल्या आहेत का" म्हटलं की लोकांना वाटतं भंगारवाला आला नाहीतर कोणीतरी व्यापारी. मी जाताना माझ्याकडची एक बाटली घेऊन गेले होते, जांभळी नाक्याजवळ एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर मिळालेली, ती टेबलावर ठेवली आणि म्हटलं काका, मी लहानपणी पिशवी घेऊन यायचे. काका काही बोललेच नाहीत, बाटली उचलून आत घेऊन गेले, आजींना दाखवायला. मला वाटलं आता काय झालं. पाच मिनिटांनी आतून हाक आली, "ये गं आत, चपला राहू देत."

आजी तेव्हा ८६ वर्षांच्या होत्या. त्यांनी बाटली ट्यूबलाइटखाली धरली, हळूहळू फिरवली, तळाशी अंगठा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "ही आपली नाय. ही बाजारातली. बूच आपलं होतं ना, म्हणून तुला आपली वाटते."

हे वाक्य मला तेव्हा नीट कळलंच नव्हतं, पण या सगळ्या छंदाची किल्ली त्यातच आहे म्हणून जरा थांबून सांगते.

छोट्या सोडावाल्याला स्वतःच्या नावाची बाटली पाडून घेणं परवडायचं नाही. काच कारखाना साचा बनवणार, हजारोंच्या हिशेबात ऑर्डर घेणार, एवढे पैसे कोण गुंतवणार. मग ते जुन्या बाटल्यांच्या व्यापाऱ्याकडून मिळतील तशा बाटल्या घ्यायचे, दुसऱ्या कंपनीचं नाव काचेवर उठावदार असलं तरी चालायचं, आपलं सरबत भरायचं, वर आपलं बूच मारायचं, कधी कागदी लेबल लावायचं. म्हणजे बाटली एकाची, माल दुसऱ्याचा. त्या कारखान्याची स्वतःच्या नावाची छापील बाटली फक्त एकदाच निघाली होती असं काका म्हणाले, तेवढा धंदा चांगला चालला होता तेव्हा, आणि त्यातल्या माझ्याकडे फक्त नऊ आहेत. बाकीच्या ५४ बाटल्या या कारखान्यात भरल्या जायच्या हे मला माणसांनी सांगितलंय, काचेवर तसं कुठेच नाही.

म्हणून फक्त बाटल्यांच्या मागे लागू नका. बुचं, लेबलं, लाकडी क्रेट, बिलबुकं, भावाचा बोर्ड, इसेन्सच्या रिकाम्या बाटल्या, वायसर, हे सगळं विचारा. लोक बाटली दाखवतात आणि हे सगळं कचरा समजून टाकून देतात. आमच्या काकांच्या घरी पलंगाखाली डालड्याचा एक डबा होता, आत कधीच न वापरलेली बुचं, वरची गंजलेली पण खालची अगदी कोरी. आम्ही लहानपणी त्याला बिल्ले म्हणायचो आणि रस्त्यावर ठोकून चपटे करायचो, त्यामुळे कोरं बूच मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. वर नारिंगी रंग, मधे गोलात मराठीत नाव, कडेनं इंग्रजीत सोडा वॉटर अँड सरबत वर्क्स, आणि त्यातलं एक अक्षर उलटं छापलेलं. आतल्या बाजूला पातळ कॉर्कची चकती. नंतरच्या बुचांना आत प्लॅस्टिकचा थर असतो, कॉर्क दिसला तर बूच जुनं. बुचाचे दात मोजा, २१ येतात. हे क्राऊन बूच विल्यम पेंटर नावाच्या अमेरिकन माणसानं १८९२ मध्ये पेटंट केलं, आणि त्याचं पहिलं रूप २४ दातांचं होतं.

विचारताना नेमकं विचारा. "जुन्या आठवणी सांगा" म्हटलं की लोक गप्प होतात. बाटल्या कुठून आणायचात, बुचं कोण छापून द्यायचं, डिपॉझिट किती घ्यायचात, मशीन हाताचं होतं की मोटरचं, कुठला फ्लेवर सगळ्यात जास्त जायचा, दुकानदारानं एम्टी परत दिली नाही तर काय करायचात, असे प्रश्न विचारा. एम्टीच्या प्रश्नावर काका पाऊण तास बोलले. एकदा फ्रीज फुकट देणाऱ्या मोठ्या कंपन्या आल्या आणि दुकानदारानं आतला कप्पा त्यांनाच दिला, मग प्लॅस्टिकची बाटली आली जी परतच द्यायची नाही, इथपर्यंत सगळं ते एम्टीवरूनच आले. रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा, फोन टेबलावर समोर ठेवा.

बाटलीचं वय कसं काढायचं

गोटी सोड्याच्या बाटलीबद्दल आधी बोलते कारण सगळ्यांना तीच हवी असते. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसानं १८७२ मध्ये ती पेटंट केली. मानेत काचेची गोटी, तोंडाशी आतून रबराचा वायसर, बाटली मशीनमध्ये उलटी करून गॅससकट भरायची, सुलटी करताना आतला दाब गोटीला वर वायसरवर दाबून धरतो आणि बाटली आपोआप बंद. वेगळं बूच लागतच नाही. मानेच्या बाजूला जे दोन खळगे दिसतात ते ओतताना गोटी अडकवायला असतात, नाहीतर गोटी परत तोंडाशी येऊन बसेल. गोटी सोडा म्हणजे जुनाच असं समजू नका, ही बाटली आपल्याकडे अजून बनते आणि वापरात आहे, जगात आपण आणि जपान सोडलं तर ती जवळजवळ संपलीय. त्यामुळे कोणी "शंभर वर्षं जुनी" म्हणून गोटीची बाटली दाखवली तर आधी हातात घ्या. जुन्या वापरलेल्या बाटलीचे खळगे आतून गोटीनं घासून खरखरीत झालेले असतात, तोंडाची कड गुळगुळीत झालेली असते. मुलं गोटीसाठी बाटल्या फोडायची हे तर सगळ्यांना माहितीये, त्यामुळे धड उरलेल्या कमी.

आता बूचवाल्या बाटल्या. काचेवर वरून खाली जाणारी साच्याची रेघ बघा, बोट फिरवलं तर लागते. ती रेघ तोंडाच्या अगदी वरपर्यंत जात असेल तर बाटली पूर्ण मशीनवर झालेली. मानेतच संपत असेल आणि तोंड वेगळं बसवल्यासारखं दिसत असेल तर तोंड हातानं केलेलं, म्हणजे जुना काळ. काचेत बुडबुडे असणं ही नुसतीच खूण पुरत नाही, स्वस्त काचेत ते नंतरही यायचे. हिरवट झाक वाळूतल्या लोखंडामुळे येते, तिच्यावरूनही वय ठरत नाही.

तळावर आकडे असतात. दोन आकडी नंबर दिसला की लोक ते वर्ष समजतात, ६२ म्हणजे १९६२ वगैरे, पण तो साच्याचा नंबर असू शकतो. एकाच प्रकारच्या चार-पाच बाटल्या शेजारी ठेवून बघा, सगळ्यांवर वेगवेगळे आकडे असतील तर साचा.

खरी मदत होते ती मजकुराची, आणि ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. छापील बाटली, लेबल, बिल, भावाचा बोर्ड, जे काही अक्षर दिसेल ते वाचा. भाव आण्यात असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचा किंवा त्याच्या आसपासचा, कारण तेव्हापासून दशमान पैसे आले, आणि "नये पैसे" लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४ मधलं. माप औंसात असेल तर जुनं, मिलिलीटर असेल तर मेट्रिक पद्धत आल्यानंतरचं, तो कायदा १९५६ चा. पत्त्यात ४००६०१ किंवा ४००६०२ असा सहा आकडी पिनकोड असेल तर नक्की १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. ठाण्याचं इंग्रजी स्पेलिंग बघा, शेवटी ए असेल तर जुनं, ई असेल तर नंतरचं. बॉम्बे की मुंबई, हे १९९५ वर ठरतं. खाडीपलीकडचा माल असेल आणि पत्त्यात न्यू बॉम्बे असेल तर तो १९७० नंतरचाच, कारण ते शहर वसवणारी सिडकोच त्या वर्षीची. टेलिफोन नंबर आठ आकडी आणि दोननं सुरू होणारा असेल तर २००२ नंतरचा. एफपीओचा, म्हणजे फळांच्या पदार्थांवरचा सरकारी शिक्का असेल तर १९५५ नंतरचं, आणि त्याच्या जागी चौदा आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे आताचा अन्नपरवान्याचा नंबर असेल तर २०११ किंवा त्यानंतरचं. अशा दोन-तीन खुणा एकत्र आल्या की वय बरंच जवळ येतं. माझ्याकडच्या एका बिलबुकावर पिनकोड आहे पण ठाण्याच्या शेवटी ए आहे, म्हणजे नवीन पिनकोड टाकला आणि जुना ठोकळा तसाच ठेवला, असं काकांनीच नंतर सांगितलं. तर खूण ही "याच्या आधीचं नाही" एवढंच नक्की सांगते, छापणारे जुने ठोकळे वर्षानुवर्षं वापरतात हे लक्षात ठेवा.

आणि एक गोष्ट आजींनी शिकवली जी मी कुठे वाचलेली नव्हती. परतीच्या बाटलीला दोन पांढरे पट्टे पडतात, एक खांद्याजवळ आणि एक तळाच्या जरा वर. बाटल्या क्रेटमध्ये, हातगाडीवर, एकमेकींना घासतात तिथे काच खरखरीत होते. आजी म्हणायच्या, "पट्टा जाड झाला की बाटली म्हातारी, मग तिला जास्त गॅस भरायचा नाय, फुटते." म्हणजे त्या बाटली उजेडात धरून नुसती घाण बघत नव्हत्या, तिचं वय बघत होत्या. ट्यूबलाइटसमोर जरा तिरकी धरा, पट्टा लगेच दिसतो. शोसाठी नवीन बनवलेल्या "अँटिक" बाटल्यांना हा पट्टा नसतो, किंवा सगळीकडे सारखं पॉलिश पेपर मारल्यासारखं असतं. विकत घेताना मी आता सगळ्यात आधी हेच बघते.

कुठे शोधायचं

घरच्यांनंतरची जागा म्हणजे ज्यांना माल जायचा ते. सोडावाल्याला विचारून त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांची यादी करा: किराणा, हॉटेलं, उसाचा रस, देशी दारूची दुकानं (तिथे साधा सोडा भरपूर जायचा), हॉल, थिएटरचं कँटीन, शाळेजवळचे ठेले. अशा ठिकाणी माळ्यावर परत न दिलेल्या एम्टी पडलेल्या असतात. चेंदणी कोळीवाड्यात मला तीन बाटल्या मिळाल्या, तिन्हींत रॉकेल होतं आणि तोंडाला कागदाचा बोळा. घराघरात या बाटल्या रॉकेल, फिनेल, खोबरेल ठेवायला वापरायचे, त्यामुळे बायकांना विचारा, पुरुषांना हे आठवत नाही.

भंगारवाले हे तुमचे सगळ्यात चांगले मित्र होऊ शकतात. कळवा, राबोडी, वागळे इस्टेटच्या मागच्या बाजूला, खाडीपलीकडे दिघा आणि तुर्भे, अशा ठिकाणी मी चार-पाच जणांशी नीट ओळख ठेवलीय. त्यांना नुसतं "जुनी बाटली" सांगून उपयोग नाही, बाटलीचा फोटो मोबाइलमध्ये द्या आणि सांगा की अशी आली तर फोडू नका, मला फोन करा, आणि एकदा बोलावलं की जा, माल पसंत नसला तरी येण्याजाण्याच्या त्रासाचे थोडे पैसे द्या. एकदा नाही गेलात की दुसरा फोन येत नाही.

चोर बाजारात मटन स्ट्रीटवर बाटल्या मिळतात पण तिथे बाटली कुठून आली हे कोणी सांगत नाही, आणि आपल्याला तर तेच हवंय. मी तिथून फक्त दोन घेतल्यात. पैशाचं म्हणाल तर नाव नसलेल्या बाटलीला मी २० ते ५० रुपये देते, स्वतःच्या नावाची छापील असेल तर ३०० पर्यंत गेलेय, कोऱ्या बुचांना काकांनी एक पैसा घेतला नाही. घरच्यांकडून फुकट घेताना मला अवघड वाटतं म्हणून मी बदल्यात त्यांचे जुने फोटो स्कॅन करून, फ्रेम करून दिले. काही ना काही द्या, आणि काय दिलं तेही वहीत लिहा.

दोन गोष्टी करू नका. अजून चालू असलेल्या कारखान्याच्या बाटल्या दुकानातल्या परतीच्या क्रेटमधून उचलू नका, डिपॉझिट भरलं म्हणजे बाटली आपली झाली असं नसतं, त्या माणसाला ती परत भरायची असते. सरळ मालकाला विचारा, जुनी खराब बाटली तो खुशीनं देईल. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात येऊ शकते, परदेशातल्या कोणाला पाठवायच्या फंदात परवानगीशिवाय पडू नका.

धुणं, आणि माझ्या हातून झालेलं नुकसान

कागदी लेबल असलेली बाटली पाण्यात घालू नका. हे मी आधी लिहितेय कारण मी घातली होती. दुसऱ्याच वर्षी मला आइस्क्रीम सोड्याची एक बाटली मिळाली, अर्धं लेबल शाबूत, गुलाबी कागद, आणि मी बाकीच्यांबरोबर ती बादलीत टाकली. तासाभरानं हात घातला तर बोटांना लगदा लागला. आइस्क्रीम सोड्याचं दुसरं लेबल मला आजपर्यंत मिळालेलं नाही, काकांकडेही नाही, आणि त्याचा फोटोही काढलेला नव्हता. म्हणून बाटली घरात आली की आधी चारही बाजूंनी, तळाचा आणि तोंडाचा फोटो, मगच पाण्याचा विचार. लेबलवाल्या बाटलीला बाहेरून कोरडा मऊ ब्रश, आतून ओला करायचा असेल तर उभी धरून फनेलनं थोडंसं पाणी, बस.

लेबल नसेल तर कोमट पाण्यात एक-दोन चमचे धुण्याचा सोडा टाकून रात्रभर ठेवा. कडकडीत पाणी थंड काचेवर ओतू नका, जुनी काच तडकते. आतला थर निघत नसेल तर मूठभर कच्चे तांदूळ आणि थोडं पाणी घालून गोल गोल फिरवा, गोटीची बाटली असेल तर अगदी हळू, गोटी आतून काचेवर आपटते. रॉकेलचा वास जायला सोड्याचं पाणी दोन-तीनदा बदलावं लागतं आणि मग उन्हात उघडी उलटी ठेवायची. पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर असेल तर आतून व्हिनेगर, काही तास.

बाहेरच्या छपाईला व्हिनेगर, लिंबू, चिंच काही लावू नका. हा रंग काचेवर भाजून बसवलेला असतो, दिसायला पक्का वाटतो पण आंबट पदार्थानं फिका आणि भुकटीसारखा होतो. राख, रांगोळी, तारेची घासणी हे पण नाही. आणि या जुन्या रंगांत शिसं असू शकतं, त्यामुळे अशा बाटलीतून पाणी पिऊ नका, तेल किंवा सरबत भरून ठेवू नका.

काही बाटल्या कितीही धुतल्या तरी आतून दुधाळच राहतात. ओली असताना स्वच्छ दिसते, वाळली की परत धुरकट. ही घाण नाही, वर्षानुवर्षं आत पाणी साचून काचेतला क्षार बाहेर आलेला असतो, काचच झिजलेली असते. ती घासून जात नाही, घासू नका. तशीच ठेवा.

जुनी भरलेली बाटली मिळाली तर उघडायची नाही, हलवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, कुरिअर तर अजिबात नाही. आत दाब असतो. माझ्याकडे एक भरलेली आहे, लेमन, निम्मी उडून गेलेली, ती जाड कापडात गुंडाळून लाकडी पेटीत उभी ठेवलीय.

ठेवायचं कसं यावर फार नाही लिहीत. पूर्ण वाळवा, उलटी ठेवून दोन-तीन दिवस, ओल आत असताना बूच किंवा कापूस लावू नका. ऊन थेट पडेल अशा खिडकीत नको, लेबलाचा रंग उडतो. माझ्याकडची एक बाटली किचनच्या काट्यावर ३६० ग्रॅम भरली, म्हणजे २४ चा रिकामा क्रेटसुद्धा लाकूड धरून दहा किलोच्या वर जातो, त्यामुळे माळ्यावर नको, खालचा कप्पा, पुढे पट्टी लावलेली. ठाण्याच्या पावसाळ्यात कागदाला कसर आणि बुरशी लागते, लेबलं, बिलं आणि बुचं मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवते आणि गणपतीच्या आधी एकदा सगळं उघडून बघते. बुचं एकमेकांवर घासू नयेत म्हणून मधे टिश्यू.

वही

प्रत्येक बाटलीला नंबर द्या आणि तो दोऱ्यानं मानेला बांधा, स्टिकर काचेवर चिकटवू नका. वहीत लिहा: नंबर, कधी मिळाली, कुठे, कोणाकडून, काय दिलं, उंची, तोंडापर्यंत पाणी भरून मोजलेलं माप, काचेवरचा मजकूर जसाच्या तसा चुकांसकट, पट्टा किती जाड. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही बाटली या कारखान्यात भरली जायची हे तुम्हाला कोणी आणि कशावरून सांगितलं. "आजींनी ओळखली", "दुकानदार म्हणाला", "बूच लावलेलंच मिळालं", "मला वाटतं", हे चार वेगवेगळे पुरावे आहेत आणि ते वेगवेगळे लिहायचे. माझ्या सुरुवातीच्या बारा नोंदींत हे नाहीये आणि त्या आता सुधारता येत नाहीत कारण आजी गेल्या, त्यांच्यासारखं तळाला अंगठा लावून सांगणारं घरात दुसरं कोणी नाही.

वर्षातून एकदा मी ही वही झेरॉक्स करून काकांना देते. आधी वाटायचं ते नुसतं ठेवून देत असतील. गेल्या दिवाळीत फराळाला गेले तर त्यांनी प्रत माझ्यासमोर ठेवली, लाल पेनानं सात ठिकाणी खुणा. नंबर १७ पुढे मी लिहिलं होतं, हिरवं बूच, लेमन. काका म्हणाले, "लेमनचं पिवळं होतं. हिरवं जिंजरचं. एका वर्षी पिवळा पत्रा मिळेना म्हणून दोन-तीन महिने लेमनलाही हिरवंच मारलं, पण त्यावर आम्ही खिळ्यानं एक ओरखडा काढायचो, म्हणजे दुकानदाराला कळावं." घरी येऊन मी १७ नंबरचं बूच भिंगाखाली धरलं. ओरखडा आहे. कडेला, दोन दातांच्या मधून सुरू होऊन नावाच्या पहिल्या अक्षरापर्यंत. इतकी वर्षं मी तो गंज समजत होते. नोंदीत आता लिहिलंय, हिरवं बूच, लेमन, खिळ्याची खूण, काकांनी सांगितलं, आणि खाली त्या दिवसाची तारीख.